डिसेंबरच्या मापाचा सूट

१९ सप्टेंबर

मालकीणबाईंनी आज कपाटातली एक कोरी वही दिली. म्हणाल्या, "दुहो, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. गिऱ्हाइकांची मापं तू लिहितोस. उद्या मालकांनी एकाचा सात वाचला तर कुणाची तरी बायको बुडेल. रोज अर्धं पान लिहीत जा. काय वाट्टेल ते लिही, मी वाचणार नाही."

तर लिहितो. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या थेबेकमध्ये डोंगर आणि बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी, एवढंच. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. त्यानंतर कोंबडी तळायचं दुकान, कोबीची शेतं, गोदाम, परत कोबी. कुठेच चार महिन्यांवर पाय टिकला नाही. इथे जेजू बेटावर मार्चमध्ये आलो. समुद्रात बुडी मारून शंख काढणाऱ्या बायांचे रबरी सूट शिवायचं दुकान. शिवायचं म्हणजे चिकटवायचं. मालक कापतात, मी डिंक लावून जोडतो. सात महिने होत आले. गोदीतला दोस्त बोलावतोय, तिकडे पगार बरा आहे म्हणे. चुसॉकच्या सणाची सुट्टी झाली की जाईन.

२४ सप्टेंबर

आज चार बुडीवाल्या मापाला आल्या. थंडीच्या आधी सगळ्यांना नवा सूट हवा असतो. मालकीणबाई पडद्यामागे टेप घेऊन उभ्या राहतात आणि ओरडून आकडे सांगतात, मी बाहेर बसून लिहितो. एका बाईची एकवीस मापं, सगळी सेंटीमीटरमध्ये. गळा, दंड, काख, मनगट, सगळं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या बाया ऐकत असतात आणि प्रत्येक आकड्यावर काहीतरी बोलतात. हीच इथली करमणूक.

"कंबर अठ्ठ्याण्णव!" मालकीणबाई ओरडल्या.

बाहेरून एक म्हणाली, "ओक्सिल, कंबर आहे की किमचीचा रांजण?"

आतून ओक्सिल आजी म्हणाल्या, "रांजण आहे. पण भरलेला आहे. तुझ्यासारखा तळ गेलेला नाही."

आजी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. अजून सगळ्यात खोल त्याच जातात.

शेवटी एक नवी मुलगी होती. सोदाम नाव. इंचॉनहून आली. उन्हाळ्यात बुडी शिकवणाऱ्या शाळेत शिकली आणि आता ओक्सिल आजींच्या हाताखाली उमेदवारी करते. आजवर कुणाचातरी जुना ढगळ सूट घालून जायची. ती पडद्यामागून हळूच म्हणाली, "बाई, आकडे जरा हळू सांगाल का?"

"हळू सांगितले तर हा ऐकणार कसा? कंबर ब्याऐंशी!"

"ब्याऐंशी?" ओक्सिल आजी म्हणाल्या. "अगं वाळकी आहेस की."

सगळ्या हसल्या. सोदाम बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल झाला होता. ती कुणाकडे न बघता निघून गेली. यात लाजण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

२६ सप्टेंबर

मालकीणबाई दात दाखवायला गेल्या होत्या आणि मालक मागे कापत होते. सोदाम आली. आधी सुया, डिंकाचे डबे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही कुठल्या सालचे?"

"दोन हजार एक."

"मीपण. मग अहो-जाहो सोडूया."

"सोडूया."

"एक काम करशील? ती मापं बदल."

मी विचारलं, का, चुकली का?

"चुकली नाहीत. पण ती आत्ताची आहेत. सूट हातात यायला महिना, खरी थंडी पडायला दोन. डिसेंबरपर्यंत मी बारीक होणार आहे. तेव्हा हा सूट लोंबेल. पाणी शिरेल. म्हणून आधीच डिसेंबरचं माप लिही."

तिने खिशातून कागद काढला. अक्षर अगदी सुरेख. कंबर शहात्तर. छाती नव्वद. गळा तेहतीस. मांडी छप्पन्न. प्रत्येक आकडा तीन-चारने, कंबर तर सहाने कमी.

मी म्हटलं, गळा कसा बारीक होईल?

"होतो," ती म्हणाली. "माझा आधी झाला होता."

मग तिने सांगितलं की इंचॉनला ती मोठ्या दुकानात पावडर-लाली विकायची. तिथे गणवेश दोनच मापांत यायचा. तिसरं माप मागितलं तर वरच्या बाई म्हणायच्या, कपडा तुझ्यासाठी बदलणार नाही. "मग मी बदलले," ती म्हणाली आणि हसली. हसताना छान दिसते. तोंडावर हात ठेवते, ते उगाचच.

मी म्हटलं, बघतो.

२७ सप्टेंबर

बदलली. ते पान फाडून नवं लिहिलं, सगळ्यात चांगल्या अक्षरात. मालकीणबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "बघ, लिहिलं की सुधारतं."

काही वाईट केलं असं मला वाटत नाही. रबर ताणतंच. आणि एखाद्याला सहा आकड्यांनी बरं वाटत असेल तर आपलं काय जातं?

८ ऑक्टोबर

चुसॉकला घरी गेलो नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, उंची वाढली का रे? दर वेळी हेच. तेविसाव्या वर्षी कुणाची वाढते? नवे बूट पायाला लागतात, कारण आत टाचेखाली चार सेंटीमीटरची जाड गादी घातलीय. उतारावर बोटं चेपतात. पण तिच्याशिवाय दुकानातल्या काउंटरमागे माझं नुसतं डोकंच दिसतं.

गोदीला जायचं पुढच्या महिन्यावर टाकलं. इथे ऑर्डरी फार आहेत.

२१ ऑक्टोबर

सोदामचा सूट झाला. खरं तर सूट घालून बघायला बाया दुकानात येतात, पण तिने फोन केला की पाणी चांगलं आहे, वेळ नाही, धक्क्यावर आणून दे. मी छोटा ट्रक घेऊन गेलो. ती बायांच्या खोलीत गेली. वीस मिनिटं लागली. आत काहीतरी धडपडल्याचा आवाज आला.

बाहेर आली. काळी, चकचकीत, सीलसारखी.

"कसा आहे?" मी विचारलं.

"छान."

"गळ्याशी?"

"छान म्हटलं ना."

तिचा आवाज बारीक झाला होता. आनंदाने असेल. पहिला स्वतःचा सूट. मी मालकीणबाईंना सांगितलं, मस्त बसला.

५ नोव्हेंबर

दुपारी सोदाम मोजे चिकटवून घ्यायला आली होती. ओक्सिल आजी बरोबर होत्या. मालकीणबाईंनी डुकराच्या रश्श्यातल्या शेवया केल्या होत्या, सगळ्यांना वाडगे दिले. सोदामने पिशवीतून उकडलेलं रताळं काढलं. दुसरं रताळं काढलं आणि परत ठेवलं.

"एवढंच?" आजींनी विचारलं.

"सकाळी खूप खाल्लंय."

"सकाळी तू माझ्याबरोबर पाण्यात होतीस."

मग ती हात धुवायला मागे गेली. तिथे काचेचं मोठं दार आहे. मी डिंकाचा डबा आणायला गेलो तर ती काचेसमोर उभी राहून स्वतःशी पुटपुटत होती, "डुक्कर. नुसती डुक्कर." माझ्या मागेच आजी होत्या. त्यांनी ऐकलं.

"कोण डुक्कर?"

"कुणी नाही, आजी."

"पाण्यात तुझ्यासोबत कोण असतं?"

"तुम्ही."

"मला म्हणालीस?"

"छे! मी मलाच म्हणत होते."

"आणि माझ्यासोबत कोण असतं?"

"मी," सोदाम पुटपुटली.

"मग नीट ऐक," आजी म्हणाल्या. "माझ्या जोडीदारणीला कुणी शिवी दिलेली मी ऐकून घेत नाही. मग देणारी कुणी का असेना. पन्नास वर्षांपूर्वी एकीने दिली होती, तिला मी धक्क्यावरून ढकलली होती. पाणी थंड होतं."

मी हसलो. सोदाम हसली नाही, पण काचेसमोरून बाजूला झाली.

२२ नोव्हेंबर

आजी एकट्याच आल्या होत्या. खाली जायला कमरेला बांधतात त्या शिशाच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. मालकीणबाईंनी विचारलं, पोरगी कशी आहे?

"कष्टाळू आहे. डोळा तीक्ष्ण आहे, शंख लगेच दिसतात तिला. पण छातीत दम नाही गं. दहा बुड्या झाल्या की ओठ निळे. डोकं दुखतं म्हणते. कधी कधी तिचा तरंगता बोया धरून नुसती लोंबकळते. आमच्यातल्या बाकीच्या म्हणतात, शहरातलं अंग आहे, समुद्राला पुरणार नाही."

"मग?"

"वीस डिसेंबरला आम्हा बायांची बैठक आहे. तिला आमच्यात घ्यायचं की परत पाठवायचं, ते तेव्हा ठरेल. मला ती हवी आहे. पण माझ्या एकटीच्या म्हणण्यावर पोरीला समुद्रात मरायला नाही सोडायची."

मी रबराचा तुकडा घासत राहिलो. घासून घासून त्याला भोक पडलं.

संध्याकाळी सोदाम बंधाऱ्यावर भेटली. मी म्हटलं, सूट घट्ट होतोय का? परत देतेस का, मी सैल करून देतो. कुणाला कळणार नाही.

"सूट बरोबर आहे. मीच अजून बरोबर झाले नाही. बैठकीला अजून चार आठवडे आहेत."

"आणि नाही घेतलं तुला, तर?"

"इंचॉनला मी जाणार नाही. तुला माहितीये, पाण्याखाली काय होतं? मी कशी दिसते ते मला आठवतच नाही. दहाव्या वर्षापासून पहिल्यांदा. एका बुडीपुरतं. पण तेवढं तरी."

तिच्या गळ्यावर लाल वळ होता, दोरीचा असावा तसा. मी मान वळवली.

४ डिसेंबर

सोदाम पाण्यात बेशुद्ध पडली.

सकाळी अकराच्या सुमारास. वर आली, श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि तशीच बोयावर कलंडली. ओक्सिल आजींनी तिला पाठीवर ओढत खडकापर्यंत आणलं. दुकानात फोन आला तेव्हा मी डिंक लावत होतो, अर्धा सूट तसाच टाकून पळालो. मी पोचेपर्यंत तिला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. सांगू नकोस, असं म्हणाली की काही नाही असं म्हणाली, कोण जाणे.

दवाखान्यात सांगितलं, थंडी, थकवा, पोटात काही नाही. दोन दिवस झोपून राहा.

५ डिसेंबर

आजी सोदामचा सूट घेऊन आल्या. गळ्यापासून छातीपर्यंत सरळ फाडलेला.

"मी सुरीने कापला," त्या म्हणाल्या. "श्वासच आत जात नव्हता तिच्या. कापल्याबरोबर असा आवाज झाला, जसा काही रबरच श्वास घेतंय."

मालकीणबाईंनी सूट टेबलावर पसरला. टेप लावली. वही उघडली. एक एक आकडा ताडून पाहिला. मी उभा होतो.

"वहीप्रमाणे आहे," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे मीच माप चुकीचं घेतलं."

"तू?" आजी म्हणाल्या. "तू माझं माप डोळे मिटून सांगतेस."

"हात थरथरतात हल्ली, ताई. दाताच्या गोळ्यांमुळे असेल म्हटलं होतं. गळा तेहतीस. मोठ्या बाईचा गळा तेहतीस कसा असेल? आणि मला आकडा सांगताना जाणवलंही नाही." त्या खुर्चीत बसल्या. स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत राहिल्या. "एकतीस वर्षं झाली. थांबलं पाहिजे आता. या वर्षीच्या सगळ्या सुटांची मापं परत घ्यायची. सगळ्यांना फोन कर, दुहो."

मी फोन उचलला. बारा बायांना फोन केले. प्रत्येकीला सांगितलं, मालकीणबाईंकडून कदाचित माप चुकलं असेल, परत या. माझ्या तोंडाने सांगितलं.

जेवलो नाही.

७ डिसेंबर

आज सांगितलं. मालकीणबाई चौथ्या बाईचं माप परत घेत होत्या, आणि चौथ्यांदा आकडा आधीच्या आकड्याशी जुळला, आणि त्या म्हणाल्या, "बघ, नशिबाने बरोबर आलं." नशिबाने! मला ते ऐकवेना. बाई गेल्यावर सगळं सांगितलं. कागद, पान, सगळं.

मला वाटलं मारतील. त्या म्हणाल्या, "का?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"आणि मला तीन दिवस माझ्या हातांकडे बघत बसू दिलंस, ते कुणाला बरं वाटावं म्हणून?"

मी टेबलावरची टेप गुंडाळायला लागलो.

"मला सांगितलंस, पुरे नाही," त्या म्हणाल्या. "जिने तिला ओढून आणलं तिला सांग. ज्या तिला दमाची नाही म्हणतात त्यांना सांग. उद्या जा. मग ठरवू, तुला ठेवायचं की नाही."

८ डिसेंबर

पाण्यात उतरायचा दिवस होता. बाया दुपारी परत आल्या, खोलीत शेकोटी पेटली. धूर दिसल्यावर मी दार ठोठावलं.

"कोण?"

"रबरवाला दुहो."

"आत येऊ नकोस रे, आम्ही उघड्या आहोत!"

"नाही येत. इथूनच बोलतो."

"बोल मग. दार काही बहिरं नाही."

आत हसणं, भांड्यांचा आवाज. मी पत्र्याच्या दाराकडे तोंड करून सांगितलं की सोदामच्या सुटाची मापं मी बदलली. मालकीणबाईंची चूक नाही. सगळीच कमी केली, कंबर तर सहाने. हसणं थांबलं. लाकडं तडतडताना ऐकू येत होती.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

"खोटं बोलतोय." हा सोदामचा आवाज. ती आत आहे हे मला माहीतच नव्हतं. तिला अजून पाण्यात जायची परवानगी नव्हती, नुसती शेकायला आली होती. "मीच सांगितलं होतं त्याला. कागद दिला होता."

"कशाला गं?"

मग ती म्हणाली, "डिसेंबरपर्यंत मी तेवढी होणार होते."

कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. मग ओक्सिल आजी म्हणाल्या, "डिसेंबरात मासासुद्धा अंगावर चरबी चढवतो, पोरी. आणि तू उतरवायला निघालीस? एवढ्या पाण्यात?"

सोदाम रडत होती बहुतेक.

तेवढ्यात एक जाडा आवाज आला. शहरातलं अंग पुरणार नाही म्हणणाऱ्यांपैकीच कुणीतरी असावी. "थांबा थांबा. म्हणजे ही दीड महिना त्या फासात बुड्या मारत होती?"

"हो."

"रिकाम्या पोटी?"

"...हो."

"आणि रोजचे शंख किती आणायचीस?"

"नऊ किलो. एकदा अकरा."

मग आजी म्हणाल्या, "माझा सूट सहाने कमी करून मला घाला. मी दोन किलोसुद्धा आणणार नाही. वर येईन ती शिव्या देतच येईन."

"मी पाण्यात उतरणारच नाही," दुसरी म्हणाली.

"तू अशीही उतरत नाहीस, शेकोटीच राखतेस."

परत हसणं सुरू झालं. मग कुणीतरी दारावर आतून थाप मारली. "रबरवाल्या, अजून आहेस?"

"आहे."

"जा आता. ही म्हणते तू इथे असेपर्यंत ती कपडे घालणार नाही."

१० डिसेंबर

मालकीणबाईंनी ठेवलं. तीन महिने मापाच्या वहीला हात लावायचा नाही. फक्त डिंक. त्यांनी आज दिवसभर गाणं गुणगुणलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

गोदीतल्या दोस्ताचा फोन आला होता. म्हटलं, पायाला लागलंय, बरं झालं की बघू.

१४ डिसेंबर

सोदाम दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसली होती. संत्री सोलत होती. मी शेजारी बसलो, जरा लांब.

"तू नाही का म्हणाला नाहीस?" तिने विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला रोजच वाटतं. एक दिवस आणखी वाटलं असतं."

मी म्हटलं, मी चांगल्या मनाने केलं.

"माहीत आहे. त्याचाच राग येतो. त्या दुकानातल्या बाईंना वाटायचं मी बारीक व्हायला पाहिजे. मला वाटायचं मी व्हायला पाहिजे. तू म्हणायला हवं होतंस, वेडी आहेस का. तूपण मान डोलावलीस. म्हणजे तुलाही तसंच वाटलं."

मला तसं वाटलं नव्हतं. मला काय वाटलं होतं ते सांगायला तोंड उघडलं, पण काही नीट आलं नाही. तिने अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं, बहुतेक मी गप्प बसावं म्हणून.

मग म्हणाली, "काल परत माप झालं. कंबर त्र्याऐंशी. एकाने वाढली. मी रडले. मालकीणबाई टेप धरून उभ्याच राहिल्या. रडणं थांबल्यावर म्हणाल्या, 'झालं? आता हात वर कर, काख राहिलीय.'"

आम्ही दोघं हसलो.

"आता बरं वाटतं?" मी विचारलं.

"नाही. आजही आरशात आधी पोटच दिसलं. तोंडात तो शब्द आला होता. मग आजी आठवल्या. गिळला." तिने संत्र्याची साल बारीक बारीक केली. "पण पाण्यात जायचं तर पोट घरी ठेवून जाता येत नाही ना. त्यालाही गरम ठेवावं लागणार. मग जेवले. भात, रस्सा, मासा. जेवताना कुणाची तरी आजारी बहीण असावी आणि तिला भरवावं, तसं स्वतःला भरवलं. विचित्र वाटलं."

मला यातलं अर्धंच कळलं. पण ऐकायला बरं वाटत होतं.

२० डिसेंबर

बैठक झाली. पुरुषांना आत सोडत नाहीत. मी ट्रकमध्ये बसून राहिलो. ट्रकचा हीटर बंद आहे. दोन तास.

ओक्सिल आजी आधी बाहेर आल्या. काच खाली करायला लावली. "काय रे, इथे काय करतोस?"

"डिंक पोचवायला आलो होतो."

"बैठकीत डिंक कशाला?" त्यांनी मला डोक्यापासून खालपर्यंत पाहिलं. "घेतलंय तिला. वसंतापर्यंत कमी पाण्यात, माझ्या नजरेसमोर. जेवण दाखवून मग उतरायचं. आणि तिने स्वतः काय अट घातली माहितीये? डोकं दुखलं तर त्याच वेळी सांगायचं, लपवायचं नाही. बाकीच्यांनीही. आमच्यातल्या दोघी माना खाली घालून बसल्या. त्यांनाही दुखतं, वर्षभर सांगितलेलं नाही. म्हाताऱ्या झालो असं वाटेल म्हणून."

८ जानेवारी

सोदामच्या सुटाचं रबर आज माझ्याकडे आलं. मालकांनी कापलेलं. आकडे मला दाखवत नाहीत, पण तुकडे हातात घेतले की कळतंच. जोडताना घाई केली नाही. गळ्याचा जोड दोनदा उकलून परत लावला. मालक म्हणाले, राणीचा सूट आहे का रे? मी म्हटलं, गळा आहे.

१९ जानेवारी

नव्या सुटातला तिचा पहिला पाण्याचा दिवस. वारा होता पण लाटा कमी. मालकीणबाईंनी मला धक्क्यावर पाठवलं. म्हणाल्या, पाण्यातून बाहेर आल्याबरोबर विचार, सुकल्यावर बाया सगळं विसरतात.

बाकीचे बोये परत आले, दोन मागे राहिले. मी मोजत होतो. ओक्सिल आजींचा बोया आणि त्याच्याशेजारी सोदामचा. दोघी हळूहळू येत होत्या, मध्येच थांबून काहीतरी बोलत होत्या. आजींचं हसणं पाण्यावरून किनाऱ्यापर्यंत आलं.

सोदाम उतारावर आली. जाळीत फार नव्हतं. सहा-सात किलो असेल. ती ते लपवत नव्हती.

"कुठे दाबतं का?" मी विचारलं.

ती लगेच नाही म्हणाली नाही. जाळी खाली ठेवली आणि उभी राहिली. गळ्याखाली बोट घालून पाहिलं. दोन्ही हात वर केले, खाली केले. वाकली. मांड्या चाचपल्या. पोटावर हात ठेवून मोठा श्वास घेतला, सोडला, परत घेतला. बाकीच्या बाया जवळून जात होत्या, मी समोर होतो, तिला काही घाई नव्हती. एखादा माणूस आपल्या गाडीची चाकं एकेक करून तपासतो तशी ती सगळीकडे फिरून आली.

"दाबत कुठेच नाही," ती म्हणाली. "पण काखेत पाणी शिरतं. गार लागतं. तिथे एक बोट आत घ्यायला हवं."

"घेतो."

"एकच हं."

वहीला हात लावायचा नाही, म्हणून मी पेन काढून तळहातावर लिहिलं. तिने ओल्या हाताने माझा हात धरला, उजेडाकडे वळवला आणि वाचला. केसांतलं पाणी माझ्या बाहीवर पडत होतं.

"तू डावी काख लिहिलीस," ती म्हणाली. "माझी उजवी. तू समोर उभा आहेस, म्हणून उलटं झालं."

मी खोडून परत लिहिलं. तिने परत वाचलं. मग हात सोडला.

हात धुवायच्या आधी इथे उतरवून ठेवतो. सोदाम. उजवी काख. एक बोट आत. बाकी सगळं आहे तसंच.